एका कामाचा माणूस

संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागवताना सोबत एक छापील कागद पाठवला. नाव, गाव, वय, व्यवसाय. पहिल्या तीन जागा मी लगेच भरल्या. चौथीसमोर दोन दिवस पेन उघडून बसलो. शेवटी बायको म्हणाली, "रिकामी सोडा. त्याईले समजन, तुमी रिकामे आहा म्हणून."

तिचं अगदीच चूक नाही. देवळीत मला पेंटर म्हणत. सिंदी मेघेच्या भजनी मंडळात मी पेटीवाला होतो. आमच्या वस्तीत मी मास्तर, कारण गाणी बांधून द्यायचो आणि ती पोरींकडून बसवून घ्यायचो. वर्ध्याच्या एका फोटोवाल्याकडे मी काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरायचो, तिथे मला नावच नव्हतं, "रंगवाले" एवढंच. शिवाय पुस्तकं बांधली, नाटकाचे पडदे रंगवले, पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल केले. ह्यातलं एकही काम मी असं केलं नाही की बघणारा माणूस थबकून उभा राहावा. बरं केलं, वेळेत केलं, लोकांनी पुन्हा बोलावलं. अभिमान म्हणाल तर एवढाच आहे.

एवढ्या ठिकाणी तोंड का घातलं, हे लोक विचारत. खरं उत्तर असं आहे की माझी सुरुवात एकाच कामाने झाली होती, आणि ते मी पाच वर्षं केलं. माझा बा सनई वाजवायचा. आमच्या भागात लग्नाला वाजंत्री म्हणजे डफडं आणि सनई, आणि वाजवणारे आम्ही. ते कुणी निवडलेलं नव्हतं, जन्माबरोबर आलेलं होतं. सनईवाल्याच्या शेजारी दुसरा एक माणूस बसतो. त्याच्या हातातली सनई नुसता सूर धरते. एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नाकाने श्वास घेत आणि गालांनी तो सोडत. पुढचा वाजवणारा कुठेही फिरून आला तरी हा तिथेच. तो माणूस मी होतो. लग्न होऊन बाप होण्याच्या बेतात होतो, तरी मी तोच एक सूर धरून मांडवाच्या बाहेर बसायचो. आत नवरदेव-नवरीवर अक्षता पडायच्या, आणि आमची जेवणं सगळ्यांचं उरकल्यावर, बाहेरच, पत्रावळीवर.

बा मात्र खरा वाजवणारा होता. हे मुलगा म्हणून सांगत नाही, पेटी दुरुस्त करणारा म्हणून सांगतो. पेटीतले सूर म्हणजे पितळेच्या बारीक पट्ट्या. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे घासकाम करताना कान तयार होतो, आणि माझा कान तयार झाल्यावर मला कळलं की बाचा सूर कधी केसभरही सरकला नव्हता. ते मला आधी कळायला हवं होतं. तेव्हा मी फक्त कंटाळलेला होतो.

कंटाळा घालवायला मी देवळीला जायचो. उन्हाळ्यात तिथे तंबूतला सिनेमा लागायचा. त्याच्या पाट्या लिहिणारे एक उस्ताद होते, त्यांना मोठ्या अक्षरांच्या पोटात रंग भरायला माणूस हवा होता. अक्षर त्यांचं, पोट माझं. तिथे मी धंदा शिकलो. बाहेरच्यांना वाटतं पाटी म्हणजे हस्ताक्षर चांगलं असलं की झालं. तसं नसतं. आधी लाकूड घासा, जवसाच्या तेलात सफेदा कालवून दोन हात द्या, वाळू द्या, पुन्हा घासा. मग सुतळी गेरूत बुडवून ताणून धरायची आणि चिमटीने उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. अक्षरं आधी मोजायची आणि मधल्यापासून दोन्हीकडे मांडत जायचं. नवशिका डावीकडून सुरू करतो, पहिली अक्षरं मोठी काढतो आणि शेवटच्यांना जागा उरत नाही. उस्ताद म्हणायचे, "पाटी पाह्यली का समजते, लिवणारा किती दिवसाचा हाये ते."

एक गिऱ्हाईक सांगतो. कारंजा घाडगेचा एक माणूस नवा ट्रक घेऊन आला. ट्रकच्या मागच्या फळीवर त्याला बैलजोडी काढून हवी होती. मी म्हटलं, काढून देतो, पोळ्याचे बैल काढतो तसे. तो म्हणाला, "तसे नाई. माये बैल." बैल विकून त्याने ट्रकचा पहिला हप्ता भरला होता. फोटो नव्हता. तो समोर बाजेवर बसला आणि सांगत गेला, मी काढत गेलो. डाव्या बैलाचं शिंग मी तीनदा पुसलं. चौथ्यांदा तो उठून जवळ आला आणि म्हणाला, "आजूक वाकडं. तुमाले वाकडं काढाची लाज वाटून राह्यली का?" खरंच वाटत होती. माझ्या हाताला सरळ करण्याची खोड लागली होती. शेवटी शिंग त्याच्या मनासारखं वाकडं झालं, तेव्हा कुठे तो परत बाजेवर जाऊन बसला.

छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं. मी फक्त परत आल्यावर वस्तीत कडुनिंबाखाली भरलेल्या बैठकीचं सांगतो. सुखदेवजी आमच्यातले जाणते, दोन बुकं शिकलेले. त्यांनी विचारलं, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, मागून खाणं सोडलं, मग मांडवाबाहेर बसून वाजवायचं काय करायचं? सगळ्यांचे डोळे बाच्याकडे होते, कारण ह्यात जाणार होतं ते त्याचं होतं. बाने हात वर केला. पहिला त्याचाच. म्हणाला, "सोडा. उद्यापासून नाई."

मला त्या दिवशी आनंद झाला, हे कबूल करतो. माझा एक सूर सुटला. बाचं काय सुटलं ते माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्याकडे ब्रश होता, पेटी होती, फोटोवाल्याचं काम होतं. त्याच्याकडे सनई सोडून दुसरं काहीच नव्हतं. तो पंचावन्नच्या पुढचा माणूस, निरक्षर, शेतीच्या कामात कच्चा, कारण सगळं आयुष्य त्याने फुंकण्यात घालवलं होतं.

महिन्याभरातच गणपतराव आले. गावात पिठाची चक्की त्यांची. माणूस वाईट नव्हता, बाचा तर भक्तच होता. त्यांच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं. ते आमच्या दारात बाजेवर बसले, हेही तोवर कधी झालं नव्हतं. म्हणाले, "बुवा, तुमी लोकाईनं ठराव केला, मले मालूम हाये. पण माया घरचा पहिला मांडव हाये. तुमच्याबिगर कसा वाजन?"

बा म्हणाला, "गणपतराव, पोरगी तुमची तं माईच हाये. जेवाले बलावा, येतो. वाजवाले नाई येत."

जेवायला बोलावणं तेव्हा गणपतरावांच्याही हातात नव्हतं, त्यांच्या घरी भाऊबंद होते, सोयरे होते. ते उठून गेले. लग्नात वर्ध्याहून आणलेला पितळी बँड वाजला. बा दिवसभर घरात बसून दोरी वळत होता. वळायला दोरी घरात कुणालाच नको होती.

पुढच्या वैशाखाला वस्तीत टिनाच्या छपराचं विहार उभं राहिलं, आणि बुद्धाचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यापैकी कुणी बुद्धाची मूर्ती जवळून पाहिलेली नव्हती. सुखदेवजींकडे एक लहान पुस्तिका होती, तिच्यात तळहाताएवढं काळं-पांढरं चित्र. त्यावरून मांजरपाटावर पुरुषभर उंचीचं चित्र करायचं होतं. पौर्णिमेला नागपूरहून भंते येणार होते.

बा माझ्याजवळ येऊन बसू लागला. आधी नुसता बघायचा, मग रंग घोटून द्यायला लागला. सफेदा त्याने इतका एकजीव घोटला की मी पुढे आयुष्यभर तसा घोटू शकलो नाही. आठवड्याने म्हणाला, "दौलत, मागचा निळा रंग मी भरू का?" मी भरू दिला. कडेबाहेर गेला, मी आवरून घेतला. त्याने ते पाहिलं आणि पुन्हा सफेदा घोटायला घेतला.

चित्र पुरं झालं आणि सुखदेवजी पाहायला आले. मग म्हणाले, "सबन बराबर हाये. पण कपाळाले गंध काऊन लावलं?"

पुस्तिकेत दोन भुवयांच्या मधे एक ठिपका होता. तो मी तसाच काढला होता, फक्त रंगीत चित्रात तो उठून दिसत होता. मी म्हणालो, "पोथीत हाये."

"पोथीत छापणाऱ्यानं लावला असन, बामनाच्या छापखान्यात. आपण गंध पुसून आलो, दौलत. आता बुद्धाच्या कपाळी लावतं का तू?"

मला त्या ठिपक्याचं काही माहीत नव्हतं. चित्रकलेच्या शाळेत शिकलेला कुणी असता, किंवा नुसत्या मूर्तीच घडवणारा असता, तर त्याने सांगितलं असतं. मी थोडं सगळ्याचं शिकलेलो, आणि ह्या ठिपक्याइतकं मात्र शिकलेलो नव्हतो. मी चिंधी घेतली.

बा कोपऱ्यातून म्हणाला, "पोथीत हाये ना? मंग काऊन पुसतं? आपल्याले समजलं नाई म्हणून?"

मी पुसला. सुखदेवजी समाधानाने घरी गेले.

पौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत बसली होती. भंते आले, चित्राला वंदन केलं, उठले आणि हळूच विचारलं, "ऊर्णा कुठे आहे?" तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग त्यांनी समजावून सांगितलं की भुवयांमधली ती खूण बुद्धाच्या लक्षणांपैकी एक आहे, गंध नव्हे. सुखदेवजींचं तोंड उतरलं. म्हातारा माणूस, त्याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. ते पुढे होऊन म्हणाले, "भंतेजी, चूक माई हाये." भंते हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काढलं ना? मग तुम्हीच काढा. आम्ही थांबतो." रंगाची वाटी आणायला मी घरी पळालो. तीनशे माणसांसमोर तो ठिपका दिला. ठिपका किंचित उजवीकडे गेला. आजही तो उजवीकडेच आहे. कुणी सरळ करायला सांगितला नाही.

त्यानंतर बाने माझ्याकडून ब्रश मागून घेतला. खारीच्या केसांचा बारीक ब्रश माझ्याकडे एकच होता, तो मी दिला नाही, जाडा दिला. अक्षरं त्याला येत नव्हती, म्हणून मी पाटीवर खडूने काढून द्यायचो आणि तो ती चित्रासारखी उतरवायचा. 'क' त्याला फार आवडला. "हा बराबर सनई धरून बसलेल्या माणसावानी दिसते," म्हणाला. मला तो कधीच तसा दिसला नव्हता. पंचावन्न ओलांडलेला माणूस भिंतीशी गुडघे दुमडून बसायचा आणि जीभ दातांत धरून गोल काढायचा. माझी माय म्हणायची, लग्न झाल्यापासून ह्याला इतका खुशीत पाहिला नाही. त्याला ते काम येत नव्हतं. पण तो खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा तो असं काही करत होता जे जन्माने त्याच्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. हे शब्द माझे आहेत, तो असलं काही बोलला नाही.

तुरीच्या हंगामात गणपतराव पुन्हा आले. लग्नानंतर वर्षभर त्यांचं आमच्याशी बोलणं नव्हतं. आले ते थेट बासमोर उभे राहिले.

"बुवा, ऐकलं का तुमी पाट्या रंगवून राह्यले."

"शिकून राह्यलो," बा म्हणाला.

"मंग चक्कीची पाटी करून द्या. पोरीच्या लग्नात तं वाजवलं नाई. पाटी तरी तुमच्या हातची लागू द्या घराले."

मी मधे पडलो. म्हणालो, मी करतो, चांगली मोठी करतो. गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमचं काम मले मालूम हाये, मास्तर. मले बुवाच्या हातची पायजे."

बाने चार दिवस ती पाटी केली. 'गणपतराव पिठाची चक्की', एवढा मजकूर मी त्याला कागदावर लिहून दिला. लाकूड त्याने स्वतः घासलं, इतकं की त्यावर हात फिरवत राहावंसं वाटे. मी त्या आठवड्यात वर्ध्याला फोटोवाल्याकडे अडकलो होतो. परत आलो तेव्हा पाटी अंगणात भिंतीला टेकवून वाळत होती आणि बा देवळीच्या बाजाराला गेलेला.

मी पाहिली. 'गणपतराव' भलंमोठं, अर्ध्याहून जास्त फळी खाऊन बसलेलं. 'पिठाची' निम्म्या उंचीचं. 'चक्की'ला जागाच उरली नव्हती, ती खालच्या कोपऱ्यात वळून बसली होती. वरची रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. रंग मात्र एकसारखा, कुठे ओघळ नाही. उस्ताद म्हणायचे तेच, लिहिणारा किती दिवसांचा आहे ते लगेच कळत होतं. आणि पाटीखालून जाणारा प्रत्येक जण म्हणणार होता की ही मास्तरच्या घरची आहे.

लाज वाटली, ही खरी गोष्ट. माझीच. मी स्वतःला समजावलं की बाची चेष्टा होऊ नये म्हणून करतो आहे. घासलेट घेतलं, चिंधी घेतली. रंग अजून पुरता वाळला नव्हता, सहज निघाला. सुतळी ताणली, अक्षरं मोजली, मधून सुरुवात केली. दोन तासांत पाटी झाली. माझ्या चांगल्या पाट्यांपैकी ती एक होती, हेही सांगून टाकतो.

बा आला तेव्हा मी घरात होतो. त्याची पावलं अंगणात थांबलेली मला ऐकू आली. मी बाहेर गेलो नाही. बऱ्याच वेळाने तो आत आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. बाजारात मिरची महाग झाल्याचं मायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव पाटी न्यायला आले. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, उन्हात धरली आणि म्हणाले, "वा बुवा! तुमच्या हाताले मानलं!"

"माया हातची नाई," बा म्हणाला. "पोराच्या हातची हाये."

गणपतरावांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चांगली आहे, चांगलीच आहे, असं म्हणत ती घेऊन गेले. चक्कीवर लावलीही. बाने जाडा ब्रश घासलेटात नीट धुतला, फडक्याने पुसला आणि माझ्या डब्यात ठेवला. मी म्हणालो, "बा, दुसरी एक फळी हाये, सुखदेवजीच्या दाराची." तो म्हणाला, "तूच कर. तुले जमते." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोलू शकलो असतो.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. रंग घोटून द्यायला कधी नाही म्हणाला नाही. ब्रश मात्र पुन्हा हातात घेतला नाही. मी त्या काळात मूर्ती केल्या, पुस्तकं बांधली, गाणी रचली, आणि कुणी विचारलं की सांगायचो, माणसाने एकाच कामाला का बांधून घ्यावं, जे आवडेल ते करावं, बरं-वाईट पुढे पाहता येतं. लोकांना ते पटायचं. बा तिथेच बसून ऐकायचा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, गणपतरावांच्या मुलाकडून, बा आणि गणपतराव दोघेही गेल्यावर. गणपतराव चार बोटं अंगठ्याला लावून मापं मोजायचे, हिशेब तोंडी ठेवायचे, सगळा गाव त्यांना शिकलेला समजायचा. त्यांना वाचता येत नव्हतं. पाटीवर अक्षरं सरळ आहेत की वाकडी, हे त्यांना कधी कळलंच नसतं. त्यांना फक्त दारावर बाचा हात हवा होता, आणि तो मी चिंधीने पुसून टाकला.